वळचणीखालचा उजेड

रायपूरच्या सदर बाजारात खडा पारखायचा असला की जुना सराफ तो दिव्याखाली धरत नाही. पुडी घेऊन उंबरठ्याशी येतो, सावलीच्या बाजूला उभा राहून खडा फिरवतो आणि मगच बोलतो. ऊन वेगळं आणि उजेड वेगळा, हे इथल्या पेढीवर कुणाला शिकवावं लागत नाही. याच बाजारात माझी कचेरी आहे. इमारतींत दिवसाचा उजेड आणणं हे माझं काम, आणि त्या कामात मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो घोडेस्वारीच्या छताखालच्या रिंगणानं.

ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकाराचं पूर्ण मैदान ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असतं. मध्ये एकही खांब चालत नाही. युरोपात त्यावर छप्पर आलं ते थंडीमुळे. व्हिएन्नाची हिवाळी अश्वारोहण शाळा योझेफ एमानुएल फिशर फॉन एर्लाख यांनी सम्राट सहाव्या कार्लसाठी १७२९ ते १७३५ या काळात बांधली. दालन सुमारे ५५ मीटर लांब, १८ मीटर रुंद, १७ मीटर उंच. भिंती पांढऱ्या आणि उजेड उंच खिडक्यांतून. तिथे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर येतो. मिळेल तो किरण आत घ्यावा, हे तिथलं शहाणपण. तिकडच्या आजच्या शेडमध्ये छपराच्या कण्यावर पारदर्शक पट्टा असतो, तोही याच हिशेबानं.

तोच नकाशा आपल्याकडे जसाच्या तसा उतरवला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रायपूर साधारण सव्वाएकवीस उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य थेट डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. आपल्याला छप्पर हवं ते उन्हापासून आणि पावसापासून बचावासाठी. त्याच छपरात पारदर्शक पत्रे बसवायचे म्हणजे ज्याला बाहेर ठेवायचं त्यालाच आत बोलवायचं. शेड तापते हे झालंच; शिवाय वाळूवर उन्हाचे लखलखीत पट्टे पडतात. अशाच एका रिंगणात मी चांगला शिकवलेला घोडा दर पट्ट्यापाशी अडताना पाहिला आहे. स्वार म्हणे, हट्टी आहे.

हट्टी नव्हता, त्याला तो पट्टा जमिनीतला खळगा किंवा अडसर वाटत असावा. घोड्याचा डोळा जमिनीवरच्या प्राण्यांत सर्वांत मोठ्यांपैकी एक. दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असल्यामुळे मंद उजेडात तो आपल्यापेक्षा चांगलं पाहतो, पण अंधाराला सरावायला मात्र आपल्यापेक्षा जास्त वेळ घेतो. तांबडा आणि हिरवा त्याला वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे उजेड-काळोखाचा फरकच त्याच्या लेखी मोठा. त्याच्या आडव्या बाहुलीच्या वरच्या कडेला काळसर दाणे असतात, वरून येणारं ऊन अडवणारे. निसर्गानंच ज्याच्या डोळ्यावर छज्जा दिला, त्याच्या माथ्यावर आपण झरोका उघडायचा?

म्हणून माझा आग्रह वळचणीखालच्या पट्टीचा. रिंगणाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला येतात. पूर्व-पश्चिमेच्या त्रिकोणी भिंती बंद असाव्यात, कारण सकाळ-संध्याकाळचं आडवं ऊन तिथूनच स्वाराच्या डोळ्यांत जातं. लांब भिंतींवर छपराला लागून मीटरभर उंचीची दुधी पॉलिकार्बोनेटची सलग पट्टी घ्यावी. तिची खालची कड जमिनीपासून तीन मीटरच्या वर हवी, नाहीतर बाहेर हलणारी प्रत्येक सावली घोड्याला बुजवते. २२ डिसेंबरला इथला दुपारचा सूर्य सुमारे ४५ अंशांवर असतो. त्यामुळे मीटरभर पट्टीला मीटरभर बाहेर आलेलं छप्पर पुरतं आणि दुपारचं ऊन वर्षभर आत येत नाही. कलत्या किरणांची धार दुधी पत्रा मोडतो. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे झुकून उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, म्हणून उत्तरेच्या पट्टीलाही हा दुधी पत्रा हवाच.

आता उजेड पुरेसा होतो का? ढगाळ आभाळाखाली साधारण १०,००० लक्स धरले आणि त्यातले दोन टक्के आत पोचले तर २०० लक्स होतात. सरावाला तेवढे चालतात. ते दोन टक्के मिळवण्यासाठी छपराची आतली बाजू पांढरी रंगवावी आणि बाहेर वळचणीखाली, लाल मुरुमाऐवजी, रायपूरच्याच चुनखडीची फिकट फरशी घालावी. तिच्यावर आपटलेला उजेड वर जाऊन छताला लागतो आणि तिथून सगळ्या रिंगणात सारखा पसरतो. आमच्याकडे कारखान्यांची काळी धूळ फार; छपरावरचा पारदर्शक पत्रा लवकर मळतो आणि वर चढून पुसणं जोखमीचं. उभी पट्टी मोतद्दाराला लांब दांड्याच्या ब्रशनं खालूनच धुता येते.

दाराकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. बाहेर लख्ख उन्हात एक लाख लक्स आणि आत दोनशे. एवढी उडी घोड्याला एका पावलात घ्यायला लावू नये. दारापुढे आठ-दहा मीटरची सावलीची पडवी असावी आणि दाराजवळचा रिंगणाचा भाग थोडा जास्त उजळ. तरीही घोडा दारात थबकला तर टाच मारू नका, लगाम सैल सोडून त्याला पडवीत थोडा वेळ उभं राहू द्या.