पन्नास अँपियरचा चोक

उंब्रज

चि. बाळ,


ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांच्या चार्जरसाठी ५० अँपियरचा चोक घरीच बांधायचा ठरवलास, वाचून फार बरं वाटलं. कोअर कुठे मिळेल, असं विचारलंयस. तुझ्याजवळ बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे. पण मी म्हणेन, आधी भंगारात बघ. कोअर नवा की जुना यापेक्षा तो कशाचा आहे आणि त्यात फट किती ठेवायची, यावर सगळं काम अवलंबून आहे.

रेक्टिफायरनंतरची लहर १०० हर्ट्झची, म्हणून सिलिकॉन स्टीलचं ई-आय स्टॅम्पिंग घे. जुन्या स्टॅबिलायझरमध्ये, घरगुती इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते मिळतं. टीव्हीच्या ईएचटीचं फेराइट इथे उपयोगाचं नाही, ते ०.३ ते ०.४ टेस्लालाच सॅच्युरेट होतं. स्टील दीड टेस्लापर्यंत दम धरतं.

ट्रान्सफॉर्मरमध्ये ई आणि आय आलटून-पालटून भरतात. चोकमध्ये सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हायलमची पट्टी. ऊर्जा साठते ती मुख्यतः या फटीत. मधला पाय १० चौरस सेंटीमीटरचा आणि पट्टी १ मिलिमीटरची धर. चुंबकीय वाट फट दोनदा ओलांडते, म्हणून हिशेबात २ मिलिमीटर. २० वेढ्यांना इंडक्टन्स सुमारे २५० मायक्रोहेन्री येतो आणि ५० अँपियरला कोअरमध्ये ०.६३ टेस्ला. लहरीचं टोक १०० अँपियरला गेलं तरी १.२६. म्हणजे स्टील तगतं.

तारेला दर चौरस मिलिमीटरला ४ अँपियर धर. साडेबारा चौरस मिलिमीटर तांबं लागेल. १४ गेजच्या चार तारा एकत्र ओढ, वळवायला सोप्या जातात. तार रिवाइंडिंगच्या दुकानात किलोवर मिळते. टोक कापून आतून बघ, इनॅमल ब्लेडने खरवड. पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. सबमर्सिबलची प्लॅस्टिक आवरणाची तार घेऊ नकोस, वेढे कोअरच्या खिडकीत मावणार नाहीत. जळक्या मोटारीची तारही नको, तिचं इनॅमल गेलेलं असतं.

बांधून झालं की मॉस्फेटमधून क्षणभर १२ व्होल्ट दे आणि स्कोपवर करंट बघ. चोकला उलटा डायोड लावल्याशिवाय हे करू नकोस, बंद करताना मॉस्फेट जाईल. करंट साधारण एका मिलिसेकंदात ५० अँपियरला पोचेल. रेष सरळ चढली तर कोअर ठीक. मध्येच एकदम वर उसळली तर सॅच्युरेट झाला, पट्टी जाड कर. फट वाढली की इंडक्टन्स घटतो, तेवढं लक्षात असू दे.

सुट्टीत इकडे आलास की आपल्या रिवाइंडिंगवाल्यांकडे दोन दिवस बस. कृष्णाकाठच्या उसाला पाणी देणाऱ्या मोटारी बांधून त्यांचा हात तयार झालाय. वेढे घट्ट कसे बसवायचे, लेदरॉइड कुठे घालायचा, वॉर्निश किती मुरू द्यायचं, हे पुस्तकापेक्षा त्यांच्याकडे लवकर समजतं. हिशेब तू कर, हात त्यांच्याकडून शीक.

मोजमापं आली की कळव.

तुझा मामा