ताऱ्याभोवतीचे खळे

हिवाळ्यात रात्री बीडच्या आमच्या जुन्या घराच्या माळवदावर उभे राहिले, की तांबूस रोहिणी माथ्यावर येते. त्याच दिशेला, परंतु तिच्याहून कितीतरी दूर, ‘एचएल टॉरी’ हा बालतारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. ग्रहांचा जन्म मनुष्याच्या दृष्टीस कधीच पडावयाचा नाही, असे मी वर्गात मोठ्या ठामपणाने सांगत असे.

२०१४ साली चिली देशातील अटाकामाच्या वाळवंटातून ‘आल्मा’ दुर्बिणीने या ताऱ्याचे चित्र टिपले. आपल्या खोडदच्या ३० तबकड्यांप्रमाणेच तेथील ६६ तबकड्या मिळून जणू एकच विशाल नेत्र होतो. साधा प्रकाश धुळीत अडतो. त्या टिपतात त्या लहरी धुळीतून पार येतात. चित्र पाहिले आणि बालपणीचे ज्वारीचे खळेच आठवले! मध्ये तिवड्यासारखा तारा, भोवती धुळीची तेजस्वी कडी, कड्यांमध्ये काळे पट्टे. मळणीच्या बैलांनी वाट पाडावी, तशी घडत्या ग्रहांनी तेथील धूळ सारली असावी, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात.

परवा एका जुन्या विद्यार्थ्याला मी ते चित्र दाखविले. क्षणभर पाहून तो म्हणाला, “सर, तेव्हा ‘कधीच का नाही?’ असे विचारले, म्हणून आपण मला खाली बसविले होते.”