चेटकिणीचा रंग

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. त्यामुळे मुली लहान होत्या तेव्हा रात्र फार लांबलचक वाटायची. त्यात डिचोलीचा पाऊस, वीज गेली की टीव्हीही नाही. मग गोष्टी! सिंड्रेला, हिमगौरी, झोपलेली राजकन्या, एवढंच माझं भांडवल. राजकन्या गोरीपान, चेटकीण काळीकुट्ट. चेटकिणीचा आवाज मी फार छान काढायची, असं आपलं माझं मत.

धाकटी पाच वर्षांची असताना एकदा मध्येच म्हणाली, "आई, चेटकीण माझ्या रंगाची असते का गं?" मी म्हटलं, "छे, तू तर सावळी. आपले नेमिनाथ भगवानही श्यामवर्णच की." आणि गोष्ट पुढे ढकलली. चेटकिणीचा रंग मात्र बदलला नाही.

आता ती सतरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी थोरलीच्या स्थळाच्या निमित्तानं नात्यातल्या एक बाई आल्या होत्या. थोरलीचं कौतुक झालं. मग आतल्या खोलीकडे बघत म्हणाल्या, "धाकटीचं जरा अवघड जाईल हं. आत्तापासून काहीतरी लावत जा." मी हसले. हसले आणि विचारलं, "अजून थोडा चहा घ्याल?"

धाकटीनं ऐकलं होतं. रात्री काही बोलली नाही. वाचत होती ते जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या उशाशी ठेवलं आणि म्हणाली, "हे वाच."

सोमन चैनानी या भारतीय वंशाच्या अमेरिकन लेखकाचं 'द स्कूल फॉर गुड अँड ईव्हिल'. 2013 सालचं, 2022 मध्ये त्यावर सिनेमाही आला. बी.ए. होऊन तीस वर्षं झाली, त्यामुळे मोबाईलवर शब्दांचे अर्थ बघत बघत वाचलं. एका गावातून दर चार वर्षांनी दोन मुलं पळवली जातात. एक जातं चांगल्यांच्या शाळेत, राजपुत्र-राजकन्या व्हायला. दुसरं वाइटांच्या शाळेत, खलनायक व्हायला. सोफी सोनेरी केसांची, गुलाबी झग्यातली. आपण राजकन्याच होणार अशी तिची खात्री. अगाथा काळ्या कपड्यांत, स्मशानाजवळ राहणारी, तुसडी. प्रत्यक्षात सोफी पडते वाइटांच्या शाळेत आणि अगाथा चांगल्यांच्या. काहीतरी चूक झाली असं दोघींना वाटतं. चूक झालेलीच नाही, हे वाचणाऱ्याला हळूहळू कळत जातं. शेवटी मेलेल्या सोफीला जाग येते तीही राजपुत्रामुळे नाही, मैत्रिणीच्या मायेनं.

पुस्तक उगाच लांबवलंय, कपड्यांची वर्णनं तर फारच. आणि एक गोष्ट मला खटकली. अगाथाला मध्येच उमगतं की आपण मुळात सुंदरच आहोत, फक्त हसत नव्हतो. म्हणजे शेवटी सुंदर असावं लागलंच ना? धाकटीला म्हटलं तर म्हणाली, "तेवढं चालतं गं आई."

पण वाचताना मला सारखी आजी आठवत होती. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. चातुर्मासात दुपारी बस्तीत बायका जमायच्या आणि पद्मपुराण वाचलं जायचं. रविषेणाचार्यांचं मूळ संस्कृत पुराण सातव्या शतकातलं. त्याची सुरुवातच शंकेनं होते. श्रेणिक राजा गौतम गणधरांना विचारतो, कुंभकर्ण खरंच सहा सहा महिने झोपायचा का? राक्षस खरंच मांस खायचे का? मग उलगडत जातं, की राक्षस हे एका कुळाचं नाव. वानर म्हणजे माकडं नव्हेत, ध्वजावर वानर असलेले विद्याधर. रावणाला दहा डोकी नव्हती. तान्हेपणी त्यानं हार ओढून घेतला, त्यातल्या नऊ रत्नांत त्याचं तोंड दिसलं, म्हणून तो दशानन. आजी त्या जागी पदर डोळ्यांना लावायची. पोर हारात तोंड बघतंय, एवढंच, आणि जन्मभर दहातोंड्या म्हणवून घेतोय! सीतेला पळवलं हा त्याचा दोष कुणी झाकत नाही, त्याची फळं तो भोगतोच. पण दोष वागण्यात, तोंडात नाही.

ही गोष्ट मी माझ्या मुलींना कधीच सांगितली नव्हती. 1987 मध्ये टीव्हीवर रामायण सुरू झालं आणि कॉलेजात मैत्रिणींना आमचं काही सांगायला गेले की त्या हसायच्या. मग मीच गप्प झाले.

इथे गोव्यात तरी काय वेगळं? पेडण्याला एका मैत्रिणीच्या माहेरी गेलो होतो. रात्री बाहेर काठीचा आवाज आला आणि धाकटी मला बिलगली. मैत्रिणीची आई म्हणाली, "भियेनाका गो बाये, तो देवचार. आमचो राखणदार." खांद्यावर घोंगडी, हातात काठी, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. त्या रात्री पोर शांत झोपली होती.

हे सगळं मी धाकटीला सांगितलं. हाराच्या गोष्टीवर ती खूश झाली, दोनदा विचारून घेतली. मग म्हणाली, "एवढं तुला माहीत होतं, तर त्या बाईंसमोर हसलीस कशाला?"

थोरलीचं तिथेच जमलंय. पुढच्या महिन्यात त्या बाई बोलणी करायला पुन्हा यायच्या आहेत. त्यांनी तो विषय काढलाच तर या वेळी बोलायचं, असं मी ठरवलंय. काय बोलायचं, ते भांडी लावताना मनात जुळवते आणि मोडते. थोरलीच्या सासरचं माणूस, तोडूनही बोलता येत नाही. धाकटी म्हणते, चहा मी घेऊन येते.