पाटीवरचा आकडा

गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यात दिसेल त्यावर रंगाचा ब्रश फिरतो, आणि माझं काम तिथेच अडतं. जुन्या एअर सर्किट ब्रेकरची पितळी पाटी करड्या रंगाखाली गाडली जाते. त्या दिवशी थिनरच्या फडक्याने अर्धा तास घासल्यावर ‘८०० अँपिअर’ एवढं दिसलं. खालचा कोपरा गंजाने खाल्लेला.

फोरमन खूश. “झालं की साहेब, आठशेचा हाय!”

आठशे म्हणजे तो रोज किती ओझं वाहील ते. मला हवा होता दुसरा आकडा: शॉर्टसर्किट झाल्यावर स्वतः न फुटता तो किती प्रवाह तोडेल? जुनी माणसं याला रप्चरिंग कपॅसिटी म्हणत. आता पाटीवर ‘आयसीयू’ छापतात. तिथे कुणी पोचू नये म्हणूनच तो पाहायचा.

कारखान्याला १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी तसाच दुसरा समांतर जोडायचा होता. ४३३ व्होल्ट, ५ टक्के इम्पीडन्स. एकाचा फॉल्ट साधारण २७ हजार अँपिअर, दोघांचा ५३ हजार.

ब्रेकर बनवणारी कंपनी केव्हाच विकली गेलेली. फोनवरच्या मुलाने मॉडेल नंबर तीनदा विचारला आणि नवा ब्रेकर घ्या म्हणाला. शेजारच्या पॅनेलवर हुबेहूब तसाच ब्रेकर होता, पाटी शाबूत. मोह झाला, नाही म्हणत नाही. पण बाहेरून जुळी दिसणारी खोकी आत वेगवेगळ्या क्षमतेची असू शकतात. चेहरा पाहून रक्तगट सांगण्यातला प्रकार.

शेवटी स्टोअरच्या माळ्यावर, वाळवीने कडा कुरतडलेला, पॅनेलचा मूळ नकाशा मिळाला. याच ब्रेकरच्या रकान्यात: ३१ एमव्हीए, ४१५ व्होल्ट.

“एकतीस हजार!” फोरमन म्हणाला. ही चूक मी इंजिनिअरांनाही करताना पाहिलंय. एमव्हीएला व्होल्टेजने आणि १.७३२ ने भागायचं, तेव्हा अँपिअर मिळतात: इथे सुमारे ४३ हजार. व्होल्टेज सोडून नुसते ३१ टिपून ठेवणाऱ्याने काहीच टिपलेलं नसतं. शिवाय ही ताकद नव्या ब्रेकरची. कॉन्टॅक्ट झिजले, आर्क च्यूट जळले की कागद काही बोलत नाही.

एका ट्रान्सफॉर्मरला पुरेसा, दोघांना नाही. मी समांतर जोडणीला नकार लिहून दिला. मॅनेजरसाहेबांना तो रुचला नाही. बसबार मधोमध तोडून कपलर बसवला, प्रत्येक बाजूला एक ट्रान्सफॉर्मर दिला, आणि तिन्ही ब्रेकर एकदम चालू होऊ नयेत म्हणून इंटरलॉक केला: तीन कुलपं, दोन किल्ल्या.