ऑफसेट २३०

संगणकावर नकाशे काढायचं ऑटोकॅड १९८२ साली आलं. टी-स्क्वेअर, रॉट्रिंगची पेनं, अमोनिया प्रिंटचा वास हे सगळं त्याने आर्किटेक्टांच्या ऑफिसांतून घालवलं. आता बीआयएम, म्हणजे रेव्हिट किंवा आर्किकॅड, त्यालाच घालवतंय. जे जातंय त्याची ही नोंद.

डावा हात. उजवा माउसवर, डाव्याची बोटं एल, ओ, टीआर (लाइन, ऑफसेट, ट्रिम) या कमांडांच्या अक्षरांवर, अंगठा स्पेसबारवर. नऊ इंची भिंत म्हणजे एक रेघ आणि ऑफसेट २३०, म्हणजे तितक्याच मिलिमीटरवर समांतर दुसरी. ती भिंत आहे हे फक्त ड्राफ्ट्समनला ठाऊक. रेव्हिटमध्ये वीट, गिलावा, उंची हे सगळं भिंतीलाच माहीत असतं.

रंगावरून पेनची जाडी. ती ठरवणारी सीटीबी फाइल प्रत्येक ऑफिसची वेगळी. चुकीची लागली की प्लॉटरमधून बीमपेक्षा टाइल्स जाड होऊन बाहेर यायच्या.

सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढणं. प्लॅनवरचा जिना आधी डोक्यात चढायचा, मग लँडिंगखाली डोकं आपटतंय का ते कळायचं. आता प्लॅनवर खूण ओढली की सेक्शन हजर. प्लॅनमधली खिडकी एलिव्हेशनमध्ये हरवत नाही, हा फायदा मोठाच. पण पडद्यावर इमारत गरागरा फिरवणाऱ्या पोरांना कोरा कागद देऊन सेक्शन मागून बघा.

दारं मोजणं, प्रिंटवर पेन्सिलने खुणा करत. गेलं, बरं झालं.

खोटं माप. भिंत ३०१२ भरली तर आकडा खोडून ३००० लिहायचा. ऑटोकॅड हूं की चूं करत नसे. रेव्हिट मापाच्या जागी हाताने आकडा घालूच देत नाही. याचं दुःख आर्किटेक्टांनाच जास्त.

‘साइटवर बघून घेऊ.’ ड्रेनेजचा पाइप बीममध्ये घुसला की हेच उत्तर असे. आता ती टक्कर मॉडेलमध्येच दिसते. नागपूर मेट्रोने तर त्रिमितीला वेळ आणि खर्चही जोडून फाइव्ह-डी बीआयएम वापरलं.

पालिकेत मात्र पाडायचं काम पिवळ्या रंगात, नवं लाल रंगात, हा नियम कायम आहे. नकाशा नियमांत बसतो का ते बघणाऱ्या ऑटोडीसीआर या सॉफ्टवेअरच्या तपासणीला ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल लागते, तीही ठरलेल्या लेयरांची. म्हणून रेव्हिटमध्ये उभी केलेली इमारत पुन्हा रेघांत उतरवायला ऑफिसात एक ऑटोकॅडवाला अजून ठेवावा लागतो.