आमच्या बोटीचे फोड

मंडळी, गेल्या जूनच्या सहलीत आपल्या बालगोपाळांना मी ईरी सरोवरात आमच्या जुन्या फायबरग्लासच्या बोटीतून फेरी मारून आणली, हे आठवत असेलच. तुमची मुले त्या बोटीत बसली होती, म्हणून ही कबुली.

ऑक्टोबरमध्ये बोट बाहेर काढली आणि पाहतो तो काय, तळाला रुपयाएवढे फोड! वसंतात बुजवलेलेच, त्याच जागी. सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही केमिस्ट्रीतले डॉक्टर ना?" लेकीने विचारले, "बाबा, आपली बोट बुडणार होती का?"

एवढ्याशा फोडांनी बोट सहसा बुडत नाही. पण दुर्लक्ष केले तर आतले थर सुटू लागतात.

मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, तसेच हे. बोटीचा वरचा चकचकीत थर पूर्ण जलरोधक नसतो. पाणी हळूहळू आत झिरपते, पॉलिएस्टरमधले ग्लायकॉल आणि आम्ल त्यात विरघळतात. ते दाट द्रावण बाहेरून आणखी पाणी ओढते, दाब वाढतो आणि फोड येतो. याच परासरण दाबाच्या कामासाठी व्हॅन्ट हॉफ यांना १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले. गोड्या पाण्यात ही ओढ समुद्रापेक्षा जास्त, आणि आमचे सरोवर गोड्या पाण्याचे.

वसंतात शेजारच्या बोटीवरचे एक आजोबा म्हणाले होते, "पाण्याने धू, पुन्हा पुन्हा धू." मी मनात हसलो. ओलाव्यावर पाणी कशाला? फोड उघडले, तीन आठवडे वाळवले, इपॉक्सी भरली. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, हे मला पाठ. ते नुसत्या वाऱ्याने कसे उडून जाणार, हे मात्र सुचले नाही!

या वेळी डोळ्यांना गॉगल लावला, कारण आतले पाणी दाबाने उडते आणि त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. मास्क लावून घट्ट थर लागेपर्यंत घासले. मग रोज संध्याकाळी गरम पाण्याने धुतले. लिटमस लाल व्हायचा थांबला, तरी आणखी आठवडाभर धुतले. ग्लायकॉल लिटमसला दिसत नाही. बोट हिवाळाभर शेडमध्ये वाळवली. तळाला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. आतून दव धरले नाही, तेव्हाच मे महिन्यात सिलिकाची पूड मिसळलेली इपॉक्सी भरली आणि वर नुसत्या इपॉक्सीचे हात दिले.

आजोबांना जाऊन सगळे सांगितले. ते काही बोलले नाहीत, थर्मासमधली कॉफी पुढे केली.

दुरुस्ती टिकली की नाही, ते ऑक्टोबरमध्येच कळेल. लेकीलाही तसेच सांगितले आहे. जूनच्या सहलीत फेरी आहेच, लाइफ जॅकेट घालून. त्याआधी कुणाला बोटीचा तळ पाहायचा असेल, तर अवश्य या. चहा आमच्याकडे.