पंधरा अध्यायांचा एक चित्रपट

आमच्या धाराशिवाकडे श्रावणांत घरोघरीं पोथी लावतात. आजचा अध्याय संपला कीं उद्यांची वाट पाहावी लागते. अमेरिकेंतील जुन्या चित्रमालिकांची रीत अशीच होती. ‘फ्लॅश गॉर्डन्स ट्रिप टू मार्स’ (१९३८) ही मंगळावरील साहसकथा १५ भागांत, दर आठवड्यास एक, अशी दाखवीत. भागाच्या शेवटीं नायक मरणाच्या दाढेंत! त्याच वर्षीं ३० ऑक्टोबरला ऑर्सन वेल्सच्या नभोनाट्यांतील मंगळवासीयांनीं कित्येक श्रोत्यांची गाळण उडविली. लवकरच युनिव्हर्सल कंपनीनें मालिकेची काटछाट करून ‘मार्स अटॅक्स द वर्ल्ड’ हा सलग चित्रपट पुढें आणला. धंद्याची चलाखी मोठीच! पण आम्हांस हळहळ वाटते. कथा उरली, परंतु नायकाच्या सुटकेसाठीं पोरांनीं आठवडाभर ज्या युक्त्या लढवाव्या, त्यांस आतां जागा उरली नाहीं.